वेणूसरांनी ओलांडलेला मेरुमणी

पडदा वर जातो. कार्तिकातलं सकाळचं ऊन. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतली एक जुनी इमारत, तिच्या वरच्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन गॅलऱ्या, मधे कमरेएवढी भिंत. डावीकडे वेताच्या खुर्चीत मी, गुडघ्यांवर शाल. उजवीकडे तुळशीची कुंडी, दोरीवर पंचा आणि खुर्चीत एक उंच, खांद्यातून वाकलेले गृहस्थ, मांडीवर लॅपटॉप. मधल्या भिंतीवर ठेवलेल्या त्यांच्या चहावर साय धरली आहे. खालून मेथीवाला ओरडत जातो. गृहस्थ मान वर करत नाहीत.

जन्मभर मी नाटक कंपनीत कामं केली. रंगमंचावर एखादा माणूस काहीही न करता बसला, की सगळं थिएटर त्याच्याकडेच बघायला लागतं. मीही बघत होते. रोज सकाळी "नमस्कार अक्का, गुडघे काय म्हणतात?" असं विचारणारा हा माणूस त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून बसला होता.

यांचं नाव वेणीमाधव. कॉलेजात, सोसायटीत, इस्त्रीवाल्याकडे, सगळीकडे ते वेणूसर. पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरातलं हे शेंडेफळ. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत, थोरले भाऊ अजून करतात. हे मात्र निसटले ते थेट गणितात. इथल्याच एका कॉलेजात त्यांनी उभी नोकरी केली आणि अलीकडेच निवृत्त झाले. ना पारितोषिक, ना हारतुरे. त्यांचा विषय समजणारी माणसं जगभरातून गोळा केली तरी सोसायटीच्या हॉलमध्ये मावतील आणि मागच्या खुर्च्या रिकाम्याच राहतील, असं ते स्वतःच हसत सांगतात.

तो विषय मी त्यांना विचारला, ते शेजारी राहायला आल्यावरच्या पहिल्याच दिवाळीत. फराळाचं ताट घेऊन गेले होते. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि मलाच प्रश्न घातला.

"अक्का, पितरांना पाणी द्यायचं असेल तर आधी जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचं, की आधी पाणी सोडायचं आणि मग जानवं फिरवायचं?"

"अहो, हे बाईमाणसाला काय विचारता? पण आधी पाणी सोडलं तर ते पितरांना पोचेल कसं?"

"झालं! पाच गुणिले तीन काय नि तीन गुणिले पाच काय, एकच. पण जगातल्या बहुतेक गोष्टी अशा नसतात. क्रम बदलला की कृत्यच बदलतं. माझं सगळं गणित त्या बदलणाऱ्या गोष्टींचं आहे."

आतून त्यांच्या पत्नीचा, मालिनीताईंचा आवाज आला, "आधी चकली तळायची आणि मग खायची, हेही सांगा त्यांना. कच्चीच उचलतात."

"बरं, पण तुम्ही तर भूमिती म्हणता," मी म्हटलं. "यात भूमिती कुठे आली?"

"तुमच्या नाटकात रिकाम्या रंगमंचावर बाग असायची ना?"

"असायची की. पडदा रंगवायला पैसे नसले की बाग आम्हीच व्हायचो. वाकून फूल तोडायचं, फांदी बाजूला सारायची, झोपाळ्यावर बसायचं. लोकांना बाग दिसायची."

"तशीच आमची जागा. तिच्यात झाड नाही, भिंत नाही, साधा एक बिंदूसुद्धा नाही. फक्त हालचाली आणि त्यांचा क्रम. त्यांच्यावरून जागेचा आकार ओळखायचा."

त्या दिवसापासून हा माणूस मला आपल्याच कंपनीतला वाटू लागला.

पुढे गॅलरीतल्या गप्पांमधून बाकीचंही थोडं थोडं कळत गेलं. त्यांच्या कामाचा दुसरा भाग मॅट्रिक्सचा. म्हणजे आकड्यांचा भलामोठा चौकोनी तक्ता. प्रत्येक घरात फासे टाकून पडेल तो आकडा भरायचा. अशा तक्त्यातून काही खास आकडे निघतात, त्याचे मूळ स्वर म्हणा. ते कुठे दाट आणि कुठे विरळ पडतात त्याचं चित्र काढायचं. फासे कुणाचे, कुणी टाकले, कशाचाच फरक पडत नाही. तक्ता पुरेसा मोठा असला की चित्र ठरलेलं, उपडी घातलेली कढई.

"कढई म्हणे," मालिनीताई म्हणाल्या होत्या. "जन्मात एकदा घासली असेल तर शपथ."

आणि तिसरा भाग म्हणजे या दोन्हींमधला पूल. तो त्यांनी मला असा समजावला. दोन कंपन्यांचे दोन नट एका रंगमंचावर आणले, दोघांना एकमेकांचं नाटक ठाऊक नाही. एक वाक्य याचं, एक त्याचं, पुन्हा याचं, पुन्हा त्याचं. काय उभं राहील?

"शून्य," मी म्हटलं. अशी रात्र मी मनमाडला प्रत्यक्ष भोगली आहे.

"शून्यच. पण याला सलग दोन वाक्यं द्या आणि मग त्याला सलग दोन?"

"मग दोघांचंही काहीतरी उभं राहील."

"हेच. अशा अनोळखीपणाला आम्ही मुक्त म्हणतो, आणि त्यावरच्या हिशेबाला मुक्त संभाव्यता."

फाशांचे तक्ते मोठे होत गेले की एकमेकांशी असे मुक्तपणे वागू लागतात. बिंदू नसलेल्या त्या जागांमधल्या हालचालीही कधी कधी तशाच वागतात. नेमक्या कधी, हे शोधण्यात वेणूसरांचं आयुष्य गेलं. त्यात त्यांच्या हाताला एक छोटं प्रमेय लागलं. अमुक प्रकारच्या जागा आणि फाशांचे तक्ते एकत्र आणले तर ते नेहमीच एकमेकांपासून मुक्त राहतात, असं काहीसं. परदेशातल्या एका मासिकात ते छापून आलं. मालिनीताईंनी त्या दिवशी बासुंदी केली होती.

त्या प्रमेयावर पुढे एका मुलीनं आपलं घर बांधलं.

ती भाग्यश्री. सिन्नरची. वडिलांचं नाव कारभारी, ते सिन्नर ते नाशिकचा द्वारका चौक अशी जीप चालवतात. बारावीनंतर ती नाशिकच्या कॉलेजात आली ती त्याच जीपमध्ये, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. सरांच्या हाताखाली पीएच.डी. केली, त्या प्रमेयाचा धागा घेऊन तिनं बरंच पुढचं विणलं. पण नोकरी अजून तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. अशात दक्षिणेतल्या एका नामांकित संस्थेतून बोलावणं आलं. पक्की जागा. तिथे जाऊन जाणकारांपुढे आपल्या कामावर व्याख्यान द्यायचं आणि मग मुलाखत. आमच्या मजल्यावर जणू घरचं कार्य निघालं होतं.

आता पुन्हा त्या सकाळी या.

"वेणूसर, चहावर साय धरली," मी म्हटलं.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर ती ओळखीची उपडी कढई. मात्र उजव्या काठाला तव्यावर पोळी फुगावी तसा एक फुगवटा.

"भाग्यश्रीच्या व्याख्यानासाठी चित्रं काढत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, तिला छान गुळगुळीत चित्रं द्यावीत. हा इथे असायला नको."

"मग काढून टाका."

"तो निघत नाही, अक्का. तक्ता जेवढा मोठा घ्यावा तेवढा ठळक होतो."

मग त्यांनी सांगितलं. भाग्यश्री संशोधनाला नवी नवी आली होती तेव्हा तिनं कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर हेच चित्र काढलं होतं. कागद घेऊन ती स्टाफरूममध्ये आली. हे उत्तरपत्रिका तपासत होते. ती म्हणाली, सर, हा फुगवटा का येतोय? यांनी वर न बघताच उत्तर दिलं, तक्ता लहान आहे म्हणून. मोठा घे, जाईल. त्या कॉम्प्युटरला त्याहून मोठा तक्ता झेपणारा नव्हता. तिनं ते मान्य केलं. सर म्हणाले म्हणजे जाणारच.

"आणि गेला नाही," मी म्हटलं.

"जाणारच नव्हता. प्रमेयातच भोक आहे." ते आत गेले आणि वडिलांची जपमाळ घेऊन आले. "फुलांचा साधा हार घ्या. शेवटचं फूल काढून पुढे लावलं तरी हार तोच. कुठून सुरुवात केली याला अर्थच नाही. आमच्याकडे बहुतेक हिशेबात असं चालतं. हालचालींना आम्ही अक्षरं देतो, त्यातलं शेवटचं अक्षर उचलायचं, पुढे ठेवायचं. हाताला सवयच होते. सिद्धतेत एका पायरीवर मी तेच केलं. पण मी ज्या जागांबद्दल बोलत होतो, त्यांच्यातल्या काहींना हार नसतो." त्यांनी माळेतला मोठा मणी चिमटीत धरला. "ही असते. मेरुमणी ओलांडत नाहीत, तिथून मागे वळतात. मुंज झाल्यापासून मला हे माहीत आहे. आणि मी ओलांडला."

"अहो, तुमच्या त्या मासिकवाल्यांच्याही लक्षात आलं नाही?"

"तिच्या आलं होतं. त्याला नाव काय ते तिला सांगता येत नव्हतं, पण बोट तिनं बरोबर जागी ठेवलं होतं. मी ते उचललं."

त्यानंतरचे दिवस मी भिंतीच्या या बाजूने बघितले. माणूस जेवायला बसायचा आणि घास हातात धरून थांबायचा. फोन उचलायचा, नाव शोधायचा, परत खाली ठेवायचा. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या भावाचं बरं आहे. पूजा संपताना देवाला सांगायचं, काही कमीजास्त झालं असेल तर माफ कर. सोय आहे. आमच्याकडे सिद्धता संपली की फक्त एक छोटा चौकोन काढतात."

त्यांच्यापुढचा पेच सरळ होता. आत्ता सांगावं तर मुलगी आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या संधीला पायाखालची फळी निखळलेली घेऊन जाणार. नोकरी लागल्यावर सांगावं तर तिला जाणूनबुजून पोकळ फळीवर उभं केल्यासारखं होणार. आणि कुणी तिथेच उभं राहून त्या पायरीबद्दल विचारलं तर? मालिनीताईंचं मत पक्कं होतं. "फोन करा, नाहीतर मी करते. मला तुमची कढईच तेवढी कळते, पण पोरीला अंधारात ठेवलेलं कळतं."

"मुलाखत होऊ दे एकदा," ते पुटपुटले.

"मग आज का जेवला नाहीत?"

ते उठून तुळशीला पाणी घालू लागले.

तेवढ्यात भाग्यश्रीचा फोन मला आला. "अक्का, माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही असं सगळे म्हणतात. शनिवारी दुपारी तुमच्या हॉलमध्ये तालीम घ्याल? सरांनाही बसवते समोर."

आता तालमीला नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी हॉलमधला दिवाण भिंतीला सरकवला, पांढऱ्या चादरीचा पडदा केला. शनिवारी ती आली. निळी सुती साडी, केस घट्ट बांधलेले. मागून कारभारी, खांद्यावर टॉवेल, हातात कोथिंबिरीची भलीमोठी जुडी.

"घ्या अक्का, सकाळीच काढलीय. आमची पोरगी आज नाटकात हाय म्हनं."

"नाटक नाही ओ दादा, व्याख्यान."

"येकच. लोक बसत्यात, येक जन बोलतो."

ते दिवाणाच्या अगदी कडेला बसले. त्यांच्या शेजारी मालिनीताई, आणि दारापाशी लाकडी खुर्चीत वेणूसर. ते त्या दिवशी दाढी करायला विसरले होते.

भाग्यश्रीनं सुरुवात केली. इंग्रजीत बोलत होती, मला निम्मंच कळलं, पण माझं लक्ष आवाजाकडे होतं. मी दोनदा थांबवलं. "वाक्याचा शेवट गिळू नकोस. शेवटचा शब्द लांब बसलेल्या आंधळ्या म्हाताऱ्याला द्यायचा आहे असं समज." ती हसली आणि आवाज मोकळा झाला. कारभारी प्रत्येक चित्राला मान डोलवत होते. उपडी कढई आली तेव्हा तर त्यांनी टाळी वाजवली.

मग चादरीवर प्रमेय आलं. ती मराठीत आमच्याकडे वळून म्हणाली, "आणि हे माझ्या सरांचं. यावरच पुढचं सगळं उभं आहे."

वेणूसर उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. पण ते नुसतेच उभे. रंगमंचावर नटाचे शब्द हरवतात तेव्हा त्याचे हात आधी हरवतात. त्यांचे हात दोन्ही बाजूंनी लोंबत होते.

"सर?" ती म्हणाली.

"हे चूक आहे, भाग्यश्री."

"काय चूक आहे? स्लाइडवर?"

"प्रमेय. सगळ्या जागांसाठी ते खरं नाही. शेवटचं अक्षर मी पुढे आणलं आहे, तिथे. साध्या हाराच्या जागी चालतं. बाकी ठिकाणी नाही." त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत काय, पहिल्या रांगेपर्यंतही जात नव्हता. "तो फुगवटा तक्ता लहान म्हणून येत नव्हता."

ती चादरीकडे बघत राहिली. बोट हवेत धरून ती पायरी मनातल्या मनात पुन्हा चालून गेली असावी, कारण तिचं बोट एका ठिकाणी थांबलं.

"सर, मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही पेपर तपासत होतात. वर बघितलं नाहीत."

"नाही बघितलं."

कारभारी दिवाणाच्या कडेवरून पुढे सरकले. "म्हंजी सर, सगळंच चुकलं का थोडं चुकलं?"

"थोडं चुकलं, कारभारी. पण बाकीचं त्याच्यावर उभं आहे."

"मग थोडं कसं म्हनता?"

मालिनीताईंनी डोळ्यांना पदर लावला. भाग्यश्री मात्र रडली नाही. ती कोरड्या, सरळ आवाजात विचारू लागली. साध्या हाराचं प्रकरण राहतं का? राहतं. तिसरा भाग? अर्धा. शेवटचा? तो जातो. तिनं लॅपटॉपवर एकेक पान काढून टाकायला सुरुवात केली. "तुम्हाला कधी कळलं?" हा प्रश्न तिनं मान वर न करता विचारला.

"मागच्या आठवड्यात."

"आणि आज सांगताय."

"मुलाखतीनंतर सांगणार होतो."

यावर तिनं मान वर केली. आयुष्यात मी रंगमंचावर पुष्कळ राग बघितला आहे, पुष्कळ केलाही आहे. असा एकही नव्हता. तो मोठा नव्हता, पण त्यात नाटकाचा अंशही नव्हता.

निघताना एक झालं. दर वेळी ती सरांना वाकून नमस्कार करते आणि ते "अगं, राहू दे" म्हणत एक पाऊल मागे सरतात. त्या दिवशी सवयीनं ते मागे सरले. ती वाकलीच नव्हती. ती वडिलांच्या मागून जिना उतरून गेली होती, आणि हे तिथेच, एक पाऊल मागे, उभे.

ती गेली दक्षिणेत. जेवढं खरं होतं तेवढंच बोलली. शेवटी एका बाईंनी विचारलं, की तुमच्या प्रबंधात तर हे सगळ्या जागांसाठी आहे, आज निम्म्यावर का थांबलात? भाग्यश्रीनं सांगितलं, मुळातल्या एका पायरीत चूक सापडली आहे. समोरच्यांनी माना हलवल्या, कुणी तर शाबासही म्हणालं. जागा दुसऱ्या एकाला मिळाली. याच कारणानं की आणखी कशानं, हे कुणी सांगत नाही. वेणूसरांना मात्र कुणी सांगण्याची गरज वाटली नाही.

मग ते दुरुस्ती लिहायला बसले. त्या मासिकात छापायची. लिहून झाल्यावर गॅलरीत येऊन त्यांनी मला ती मराठी करून वाचून दाखवली. अमुक पायरी चुकीची आहे. ही शंका माझी विद्यार्थिनी भाग्यश्री हिने प्रथम उपस्थित केली होती. मी ती न बघता उडवून लावली. तिच्या कामाचं जे नुकसान झालं ते केवळ माझ्या निष्काळजीपणामुळे. वाचताना त्यांचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता. शेवटच्या अंकातलं स्वगत म्हणताना नायकाचा दिसतो तसा. मी तर मनात टाळ्याही वाजवल्या.

छापायच्या आधी त्यांनी ती भाग्यश्रीला पाठवली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. कॉलेजातून थेट, पर्स खांद्यावर, चपला दारात काढल्या पण बसली नाही. आमच्या दोन्ही घरांची दारं उघडी होती, मी ऐकणार हे तिला ठाऊक होतं आणि तिनं दार लावलं नाही.

"सर, हे छापू नका."

"अगं, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे."

"खरं आहे. पण वाचणारा काय म्हणेल? हिला तेव्हाच शंका होती. तरी हिनं पुढे प्रबंध लिहिला, पदवी घेतली. मला पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारतील. तुम्ही मोकळे व्हाल, मी अडकेन."

"मी तुझ्यावरचा भार काढायला..."

"माझ्यावर भार नाहीये, सर. माझी ती नोकरी हातची गेलीय. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत."

मग वेणूसर म्हणाले, "मग हे मी कुठे ठेवू?"

"ते मला नाही माहीत," भाग्यश्री म्हणाली. मालिनीताईंनी पुढे केलेलं पाणी मात्र ती प्यायली आणि गेली.

त्यांनी ते सगळं खोडलं. जी दुरुस्ती छापून आली तिच्यात एवढंच आहे, की या प्रमेयातली एक पायरी फक्त अमुक अटीतच खरी आहे, चूक लेखकाची. जगातल्या त्या हॉलभर माणसांपैकी कुणी ती वाचली असेल, मान हलवली असेल, पान उलटलं असेल. त्या फुगवट्याचा छडा लावावा म्हणून ते काही दिवस खपले. मग कळलं की दुसऱ्या देशातल्या लोकांनी दुसऱ्याच नावाखाली तो केव्हाच ओळखला होता. भरपाईची तीही वाट बंद.

मला वाटतं, माणसाला शिक्षा सोसते. स्वगत म्हणायला मिळालं तर तो ती डोक्यावर घेऊन मिरवतोसुद्धा. वेणूसरांना ते मिळालं नाही. सोसायटीत त्यांना अजूनही लोक आदरानं नमस्कार करतात, मुलांना त्यांच्याकडे गणिताच्या शंका घेऊन पाठवतात. शंका घेऊन आलेल्या पोराला ते हल्ली आधी खुर्ची देतात, चष्मा पुसतात, आणि इतका वेळ त्याच्या वहीकडे बघत बसतात की पोरगं कंटाळून म्हणतं, काका, सोपंच आहे ते.

भाग्यश्री अजून तासिकांवरच आहे. दुसरीकडे अर्ज करते. घरी येत नाही. सणाला कारभारी एकटेच येऊन जातात, भाजी ठेवतात, "पोरगी कामात हाय" म्हणतात आणि खाली जाऊन जीप सुरू करतात. पण मध्यंतरी एका रविवारी तिचा फोन आला. नव्या कामातल्या कुठल्याशा पायरीबद्दल विचारायला, कामापुरता. मग पुढच्या रविवारी. आता दर रविवारी वेणूसर सकाळपासून फोन खिशात घेऊन फिरतात, आंघोळीलाही मालिनीताईंच्या हातात देऊन जातात.

काल रविवार होता. उशिरा, ऊन तुळशीवरून सरकून गेल्यावर ते गॅलरीत आले. चेहऱ्यावरून मला काही ओळखता येईना, आणि चेहरे ओळखण्यात माझी हयात गेली आहे.

"आला का हो फोन?" मी विचारलं.

ते भिंतीला टेकले. चष्मा काढून हातात धरला.

"आला, अक्का. गणित राहिलंच बाजूला, आज ती नीट रागावली माझ्यावर. मी मधे बोललो नाही."